रोमन काळातले ब्रोच आणि देवधर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन ब्रिटनमधल्या छोट्या, रंगीत ब्रोचबद्दल वाचकांकडून सतत प्रश्न येतात. त्यातले बहुतेक फिरून एकाच जागी येतात: हे नुसते दागिने होते, की त्यात काही श्रद्धाही होती? सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात जे आलं आहे ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. कुठे पाहायचं ते तिथेच सांगितलं आहे. भर ब्रिटनवर आहे, कारण घोडेस्वाराच्या ब्रोचचं सगळ्यात बोलकं उदाहरण तिथलं आहे.

फिबुला म्हणजे नेमकं काय? ब्रोच आणि फिबुला एकच का?

हो, एकच. फिबुला हा लॅटिन शब्द. आपल्या सेफ्टी पिनेची ही पूर्वज म्हणा. एक टाचणी, तिला ताण देणारी स्प्रिंग किंवा बिजागरी, टोक अडकवायची खाच आणि पुढून दिसणारा भाग, एवढीच तिची रचना. पुढचा भाग कमानीसारखा उचललेला असेल तर तो कमानी ब्रोच. त्या कमानीखाली जाड कापडाची चुणी मावते. पुढचा भाग सपाट पत्र्यासारखा असेल तर तो पत्री ब्रोच. देवधर्माची चर्चा बहुतेक या पत्री ब्रोचभोवतीच फिरते. सपाट जागा मिळाली की कारागीर तिथे कोंबडा, ससा, घोडा, मासा, चाक असं काहीही काढू शकतो.

हे कोण वापरायचं? फक्त बायका का?

नाही, सगळेच. पुरुष उजव्या खांद्यावर एक ब्रोच लावून जाड लोकरी झगा अडकवत. उत्तरेकडच्या प्रांतांतल्या अनेक बायका दोन्ही खांद्यांवर एकेक ब्रोच लावून अंगावरचं वस्त्र तोलत आणि कधी छातीवर आणखी एक लावत. जर्मनीत माइंत्स इथे ब्लुसुस नावाचा नावाडी आणि त्याची बायको मेनिमाने यांचं पहिल्या शतकातलं थडगं आहे. त्यावर मेनिमानेचे ब्रोच दगडात इतके स्पष्ट कोरले आहेत की कोणता कुठे लावला होता हे आजही मोजून सांगता येतं. न शिवलेलं वस्त्र अंगावर ठरवायचं म्हणजे काय, हे नऊवारी नेसणाऱ्या घरात वेगळं सांगायला नको.

ब्रिटनमध्ये ब्रोचचं प्रमाण इसवी सनाच्या आधीच्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे रोमन सैन्य इ.स. ४३ मध्ये उतरायच्या आधीच, एकदम वाढलं. त्यामुळे 'रोमन ब्रोच' म्हणताना तो रोमन माणसाचाच होता असं समजू नका. वापरणारे बहुतेक तिथलेच लोक होते.

त्यावरचा रंग म्हणजे मीनाकामच का?

हो, जातीने तेच. कांस्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यात ओतकामातच छोटे खळगे ठेवायचे, त्यात रंगीत काचेची भुकटी भरायची आणि भट्टीत वितळवायची. लाल, निळा, हिरवा, पिवळा, पांढरा असे रंग दिसतात. तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्राटस सांगतो की महासागराकाठचे रानटी लोक तापलेल्या कांस्यावर रंग ओततात आणि ते दगडासारखे घट्ट बसतात. त्याला ही कला परकी वाटत होती. काही ब्रोचना कल्हई केलेली असते, म्हणजे नवे असताना ते चांदीसारखे चमकत असणार. आज आपल्याला दिसतो तो हिरवा गंज आणि निम्मे रिकामे खळगे. मूळ वस्तू भडक होती, दुरून लक्ष वेधणारी होती. पुढची उत्तरं वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

धार्मिक अर्थ होता असं म्हणायला आधार काय? कुणी लिहून ठेवलंय का?

'हा ब्रोच मी अमुक देवासाठी घालतो' असं लिहून ठेवलेलं नाही. आधार तीन प्रकारचा आहे.

एक, आकार. कोंबडा हा मर्क्युरीचा, म्हणजे व्यापार आणि प्रवासाच्या रोमन देवाचा, पक्षी; ब्रोच कोंबड्याचा असेल तर मर्क्युरीची आठवण होणारच. हा सगळ्यात कमकुवत आधार. कोंबडा मर्क्युरीचा असला, तरी तो खुराड्यातलाही आहे.

दोन, सापडण्याची जागा. एका जातीचे ब्रोच घराघरांत विखुरलेले मिळत असतील तर ती साधी फॅशन. पण तेच एखाद्या देवळाच्या आवारात ढिगाने आणि इतरत्र क्वचित मिळत असतील, तर लोक तिथे ते मुद्दाम नेत होते असं मानावं लागतं.

तीन, सोबत काय मिळालं. शेजारी नवसाच्या वस्तू, लहान मूर्ती, बळी दिलेल्या प्राण्यांची हाडं, शापाचे शिशाचे पत्रे (चोराला शिक्षा कर असं देवाला सांगणारे) असतील तर अर्थ बदलतो.

माझा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या आधाराला आहे. इंटरनेटवर ब्रोचचा नुसता फोटो टाकून 'हा अमुक देवाचा' म्हणणारे खूप आहेत. जागा माहीत नसेल तर ते विधान हवेतलं आहे.

घोडेस्वाराचे ब्रोच इतके प्रसिद्ध का?

कारण ब्रोच आणि देऊळ यांचं नातं यांच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

वस्तू लहानशी, साधारण तीन सेंटीमीटरची. सपाट ओतीव पत्रा, त्यावर चालता घोडा, पाठीवर स्वार, आणि अंगभर मीनाकामाचे कप्पे. स्वाराचा चेहरा जेमतेम ओळखू येतो. दुसऱ्या शतकापासून पुढे हे वापरात दिसतात. सॉमरसेटमधल्या लॅमिअट बीकन या टेकडीवरच्या देवळात ते मिळाले, विल्टशरमधल्या कोल्ड किचन हिलवर मिळाले, नॉरफकमधल्या हॉकवोल्डच्या देवळात मिळाले. सगळ्यात मोठा साठा लेस्टरशरमध्ये बॉसवर्थजवळ सापडला, आणि तोही दुसरंच काही शोधताना. १४८५ मध्ये तिसरा रिचर्ड राजा जिथे पडला ती रणभूमी नेमकी कुठे होती, हे पाहण्यासाठी २००५ ते २०१० या काळात तिथली शेतं मेटल डिटेक्टरने पिंजून काढली. तोफगोळे मिळाले, आणि त्याच मोहिमेत एका रोमन देवस्थानाची जागा आणि तिथले घोडेस्वारही हाती आले.

इतके घोडेस्वार एका जागी कसे आले? एका वस्तीत योगायोगाने इतके ब्रोच हरवत नाहीत. लोक ते देवस्थानात आणून वाहत असणार, किंवा तिथेच विकत घेत असणार, किंवा दोन्ही. काही ब्रोच यात्रेची खूण म्हणून अंगावर लावून घरी नेले जात असावेत असंही काही अभ्यासकांना वाटतं. देवळापासून दूर एकटेदुकटे मिळणारे नमुने त्या कल्पनेशी जुळतात.

मग हा स्वार कोण? इथे सावध राहायला हवं. पूर्व इंग्लंडमध्ये घोड्यावर बसलेल्या देवाच्या कांस्याच्या लहान मूर्ती मिळतात, आणि तो बहुधा रोमन युद्धदेव मार्सचं स्थानिक रूप मानला जातो. सफकमधल्या मार्टलशॅमला अशाच एका मूर्तीची बैठक मिळाली. तिच्यावर घोड्याच्या पायाखाली पडलेला शत्रू आहे आणि लेख 'मार्स कोरोटियाकस' या देवाला उद्देशून आहे. म्हणजे स्वारदेव खरा होता. पण लॅमिअट बीकनला मार्सबरोबर मर्क्युरी आणि मिनर्व्हाच्याही मूर्ती मिळाल्या आहेत, त्यामुळे तिथल्या ब्रोचवरचा स्वार मार्सच, असं छातीठोक सांगता येत नाही. कदाचित तो देव नसून भक्तच असेल. माझं मत विचाराल तर तो देवच आहे. पण हे मत आहे, पुरावा नाही.

कोंबडा, ससा, बदक यांचं काय? सगळे मर्क्युरीचे का?

सगळे नाहीत. कोंबडा, मेंढा, बोकड आणि कासव हे मर्क्युरीचे जुने सोबती. रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो की गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले, लोक सगळ्यात जास्त मर्क्युरीलाच भजतात. ब्रिटनमध्येही त्याची देवळं होती. ग्लॉस्टरशरमधल्या युलीच्या देवळात मुख्यतः शेळ्यामेंढ्यांची आणि कोंबड्यांची हाडं निघाली. देवाला काय आवडतं हे भक्तांना पक्कं ठाऊक होतं. पुरातत्त्वज्ञ निना क्रमी यांनी २००७ मध्ये काही जातींच्या पत्री ब्रोचचा संबंध थेट मर्क्युरीच्या भक्तीशी जोडला. कोंबड्याच्या बाबतीत मला तो पटतो.

याला जोड म्हणून सिरेन्सेस्टरचं उदाहरण सांगतो. तिथे २०११ मध्ये दुसऱ्या शतकातल्या एका लहान मुलाच्या थडग्यात मीनाकाम केलेला कांस्याचा कोंबडा मिळाला, साडेबारा सेंटीमीटर उंच, चोच उघडी, आरवत असलेला. तो ब्रोच नाही, मूर्ती आहे. पण मर्क्युरी मृतांना परलोकी पोचवणाराही देव. इवल्याशा मुलाबरोबर आईवडिलांनी कोंबडा का ठेवला असेल, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो आता तिथल्या कोरिनियम संग्रहालयात आहे.

सशाची गोष्ट वेगळी. सीझरच म्हणतो की ब्रिटनचे लोक ससा, कोंबडा आणि हंस खाणं निषिद्ध मानतात आणि हौसेने पाळतात. काही ससा-ब्रोचवर अंगातच पिल्लं कोरलेली असतात. त्यात संततीची इच्छा असू शकते, शिकारीचा शौकही असू शकतो. बदकाच्या आणि माश्याच्या ब्रोचना विशिष्ट देव चिकटवायला मी तयार नाही.

कुत्र्याचे ब्रोच नोडेन्स देवाचे असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. ग्लॉस्टरशरमध्ये लिडनी इथे नोडेन्सचं देऊळ होतं आणि तिथे कुत्र्यांच्या कांस्यमूर्ती वाहिलेल्या मिळाल्या. आजार बरा करणारा देव आणि जखम चाटणारा कुत्रा, असा संबंध लावला जातो. पण विल्टशरमधल्या नेटलटनला अपोलो 'कुनोमाग्लोस' नावाने पुजला जाई, म्हणजे कुत्र्यांचा स्वामी. तेव्हा कुत्रा एकट्या नोडेन्सचा नाही. शिवाय पुष्कळ कुत्रे हे धावते शिकारी कुत्रे आहेत, आणि ब्रिटनचे शिकारी कुत्रे तेव्हा परदेशी निर्यात होत.

लिडनीचं उत्खनन १९२८-२९ मध्ये टेसा आणि मॉर्टिमर व्हीलर यांनी केलं. हेच मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते.

पादुकांसारखे ब्रोच दिसतात, ते काय आहे?

जोड्याच्या तळव्याच्या आकाराचे हे ब्रोच खूप लोकप्रिय होते. मीनाकामात ठिपके असतात, ते तळाला ठोकलेल्या खिळ्यांचे. त्यांना पादुका म्हणू नका. आपल्याकडे पादुका पूज्य असतात, कारण त्या कुणाच्या तरी पावलांच्या असतात. इथे तसा संकेत दिसत नाही. प्रवास सुखाचा होवो, ही इच्छा जास्त जवळची वाटते, आणि प्रवाशांचा देव पुन्हा मर्क्युरीच. रोमन ब्रिटनमध्ये मृताबरोबर खिळ्यांचे जोडे पुरण्याची चाल होती, म्हणजे जोडा आणि शेवटचा प्रवास यांची सांगड लोकांच्या मनात होती. तरी असे ब्रोच देवळांइतकेच साध्या वस्त्यांत आणि सैन्याच्या ठाण्यांतही मिळतात. मी त्यांना शुभचिन्ह म्हणेन, भक्तीची खूण म्हणणार नाही.

देवळात सापडला म्हणजे देवालाच वाहिलेला, असं समजायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उत्तर: नेहमीच नाही.

देवळात जत्रा भरे, गर्दी होई, झगे सुटत, पिना निसटत. काही ब्रोच नुसते पडलेले असणार. काही दुकानदाराच्या मालातले. काही वेळा वाहिलेली वस्तू ब्रोच नसून झगा असेल. कापड कुजलं आणि ब्रोच तेवढा उरला. ही शक्यता फार कमी लोक लक्षात घेतात.

वाहिलेला ओळखायचा कसा? पाण्यात टाकलेली वस्तू परत काढायची नसते, म्हणून झरे आणि विहिरी जास्त बोलतात. हेड्रियनच्या भिंतीजवळ (उत्तर इंग्लंडमधली रोमन सरहद्दीची तटबंदी) कॅरोबर्ग इथे कोव्हेंटिना देवीची विहीर १८७६ मध्ये जॉन क्लेटन यांनी उकरली. तिच्यातून तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली, आणि त्यांच्यात ब्रोच आणि इतर दागिनेही होते. केंटमधल्या स्प्रिंगहेडच्या झऱ्यापाशीही ब्रोच मिळाले. मुद्दाम वाकवलेली किंवा मोडलेली वस्तू हीही एक खूण, पण नांगराने मोडलेली आणि हाताने मोडलेली यांतला फरक तज्ज्ञालाच कळतो.

दागिना आणि देव यांच्यातला व्यवहार कसा चाले हे पाहायचं तर लिडनीचा एक शिशाचा पत्रा वाचा. सिल्व्हियानस नावाच्या माणसाची अंगठी हरवली. तो नोडेन्सला सांगतो की अंगठीच्या किमतीचा अर्धा हिस्सा तुझा. आणि चोर ती तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला बरं वाटू देऊ नकोस. हा चक्क नवस आहे. रोमन वेदींवर शेवटी कोरलेली 'व्ही एस एल एम' ही चार अक्षरं म्हणजे 'नवस आनंदाने आणि रास्तपणे फेडला'. ब्रोच वाहणाऱ्या सगळ्यांना दगडी वेदी परवडत नव्हती. खांद्यावरचा ब्रोच काढून देणं परवडत होतं.

देवीला दिलेला ब्रोच, असं एखादं पक्कं उदाहरण आहे का?

बॅकवर्थचा साठा त्याच्या सगळ्यात जवळ जातो. न्यूकॅसलच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांदीचं एक पळीसारखं दांड्याचं भांडं मिळालं. त्याच्या दांड्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलं आहे की फाबिउस दुबितातुस याने ते मातृदेवतांना दिलं. त्याच साठ्यात अंगठ्या, साखळ्या, नाणी आणि सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे मोठे ब्रोच होते, कर्ण्याच्या तोंडासारख्या डोक्याचे. एका अंगठीवरही मातृदेवतांचं नाव आहे. ब्रोचवर स्वतःवर काही लिहिलेलं नाही, पण सोबत इतकी बोलकी आहे की तेही देवळाचंच धन असावं असं मानायला हरकत नाही. आकार इथे काहीच सांगत नाही. ते ब्रोच त्या काळच्या नेहमीच्या घडणीचेच आहेत, फक्त मौल्यवान.

चाकाचे आणि कुऱ्हाडीचे ब्रोच?

चाक हातात घेतलेला आकाशदेव गॉलमधल्या मूर्तींत दिसतो. नॉरफकमधल्या फेल्मिंगॅम हॉलच्या साठ्यात देवळातल्या वस्तूंबरोबर कांस्याचं छोटं चाकही होतं. तेव्हा चाकाला अर्थ होता. पण वर्तुळ आणि आरे हा ओतायला सोपा, दिसायला सुबक नमुना आहे, आणि प्रत्येक चाकाला तारानिस, म्हणजे गडगडाटाचा केल्टिक देव, म्हणणं घाईचं ठरेल. कुऱ्हाडीचं पारडं थोडं जड आहे, कारण ऑक्सफर्डशरमधल्या वुडइटनच्या देवस्थानात इवल्याशा कुऱ्हाडी नवसाच्या म्हणून मिळाल्या आहेत.

रोमन ब्रोचवर स्वस्तिक आहे. ते आपल्याकडून गेलं का?

नाही, तसं म्हणायला आधार नाही. ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांच्या सरहद्दीवर स्वस्तिकाच्या आकाराचे ब्रोच खरोखर मिळतात, बहुतेक सैन्याच्या परिसरात. पण युरोपात हे चिन्ह त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या ग्रीक मडक्यांवर ते सहज दिसतं. तिथे ते शुभ मानलं जात असावं, एवढंच म्हणता येईल. चिन्ह सारखं म्हणून अर्थ सारखा, हा तर्क मी वर आकाराबद्दल जे लिहिलं त्याच कारणाने टाळावा.

ड्रॅगनचे ब्रोच कोणत्या देवाचे?

कोणत्याच नाही, निदान ठाऊक असलेल्या. इंग्रजी 'एस' अक्षरासारखं वळलेलं अंग, दोन्ही टोकांना मोठ्या कानांची तोंडं. 'ड्रॅगन' हे नाव आधुनिक अभ्यासकांनी दिलं, त्या लोकांनी नव्हे. हे पहिल्या-दुसऱ्या शतकांत मुख्यतः उत्तर इंग्लंड आणि दक्षिण स्कॉटलंडमध्ये चालत. यॉर्कशरमधल्या सेटलजवळच्या व्हिक्टोरिया गुहेतही मिळाले, आणि ती गुहा पूजास्थान असावी असं काहींना वाटतं. मला या ब्रोचमध्ये देवापेक्षा 'आम्ही इथले' हे सांगणं जास्त दिसतं. त्यांच्या वळणांत रोमपूर्व केल्टिक नक्षीचा हात आहे.

ब्रोचवर देवाचं नाव लिहिलेलं नसतंच का?

ब्रिटनमध्ये फार विरळ. 'आउकिस्सा' असं लिहिलेले पहिल्या शतकातले ब्रोच मिळतात, पण ते घडवणाऱ्याचं नाव मानलं जातं. गॉलकडच्या काही ब्रोचवर प्रेमाचे संदेश आहेत. देवाचं नाव अंगावर घालायचं तर लोक अंगठी निवडत. लिंकनशरच्या भागात 'टॉट' अशी तीन अक्षरं कोरलेल्या कितीतरी अंगठ्या मिळाल्या आहेत. ती टोटातिस या केल्टिक देवाची. त्याच भागात घोडेस्वाराचे ब्रोचही मिळतात.

एक फसवं उदाहरण स्कॉटलंडमधल्या एरिकस्टेनब्रेचं. तिथल्या सोन्याच्या ब्रोचवर ज्युपिटर या रोमन देवावरून घेतलेलं 'योव्हियुस' हे बिरुद आहे. ते डायोक्लेशन सम्राटाचं, त्याच्या राज्याच्या विसाव्या वर्षानिमित्त. तो भक्तीचा नाही, राजाच्या मर्जीचा ब्रोच आहे.

माशाचा ब्रोच म्हणजे ख्रिस्ती माणसाचा का?

बहुधा नाही. माशाचे मीनाकामाचे ब्रोच दुसऱ्या शतकात आधीच रूढ होते, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये ख्रिस्ती लोक अगदी मोजके असणार. खात्रीची खूण हवी असेल तर चौथ्या शतकातले धनुष्याच्या घडणीचे मोठे ब्रोच पाहा. त्यांतल्या काहींवर ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं गुंफलेली असतात. हे ब्रोच अधिकाऱ्यांचे. सेनापती स्टिलिको मोंझा इथल्या हस्तिदंती पटावर असाच ब्रोच लावून उभा आहे.

महाराष्ट्रात रोमन वस्तू मिळाल्या, मग ब्रोच का नाहीत?

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४०च्या दशकात रोमन कांस्यवस्तू मिळाल्या. समुद्रदेव पोसायडनची सुरेख मूर्ती त्यातलीच. ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. तिथलं उत्खनन डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी केलं. व्यापारी माल म्हणून मूर्ती, भांडी, दारूचे कुंभ इकडे येत. ब्रोच हा अशा मालातला नव्हता. तो अंगावरच्या जाड लोकरी झग्याबरोबर चाले, आणि दख्खनच्या उन्हात तो झगा कोण घालणार?

ब्रिटनमध्ये राहतो. शेतातून चालताना असा ब्रोच मिळाला तर काय करू? विकत घेतला तर चालेल का?

आधी जमीनमालकाला सांगा. परवानगीशिवाय उकरू नका आणि वस्तू नेऊ नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये कांस्याचा एकटा ब्रोच सहसा कायद्याने 'खजिना' ठरत नाही, सोन्याचांदीचा ठरतो. तरीही १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या, त्या भागातल्या अधिकाऱ्याकडे तो नोंदवा. हजारो रोमन ब्रोचची नोंद याच योजनेत झाली आहे, आणि घोडेस्वारांचा नकाशा पुष्कळसा त्यातूनच उभा राहिला. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळा आहे, तिथे सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू कळवावीच लागते.

विकत घेण्याबद्दल: सापडण्याची जागा लिहिलेली नसेल तर मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. कारण वर चौथ्या प्रश्नात दिलं आहे.

आणि सापडलाच तर जागेचा फोटो काढा, नकाशावर खूण करा, ब्रोच मातीसकट डबीत ठेवा. धुऊ नका, ब्रशने घासू नका. अठराशे वर्षं टिकलेली मीना एका घासण्यात निघून येते.